नवीन घराच्या आतल्या भिंती: पुट्टी, जिप्सम, चुना की आणखी काही? (बजेट दीड लाख)

मृगधारा
नमस्कार मंडळी. देवरुखजवळ गावी घर बांधतोय. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, वर स्लॅब, कारपेट साधारण ९०० फूट. हॉल, स्वयंपाकघर, दोन खोल्या, मागे कोठी, पडवी आणि दोन बाथरूम. आई-बाबा कायम तिथेच राहणार, आम्ही मुंबईहून येऊन-जाऊन. बाहेरचं प्लास्टर झालंय, आतलं सिमेंट प्लास्टर स्पंज फिनिशपर्यंत आलंय, पाणी मारणं चालू आहे. आता भिंतींचं ठरवायचंय.

कंत्राटदार म्हणतो सगळीकडे जिप्समचं पनिंग (प्लास्टरवर पातळ गुळगुळीत थर) करू, हॉलच्या एका भिंतीला टेक्श्चर आणि टीव्हीमागे पीव्हीसी पॅनेल. आकडा अडीच लाखांच्या पुढे जातोय. आमच्याकडे बाथरूम आणि किचनच्या टाइल्स धरून भिंतींसाठी दीड लाख आहेत. बाबांना चुनाच हवा. आईला ओल्या फडक्याने पुसता आलं पाहिजे. सौ.ला भिंत गुळगुळीत हवी. अक्षय्य तृतीयेला गृहप्रवेश करायचा विचार आहे.

पैसे कुठे घालावेत आणि कुठे वाचवावेत? कोकणात घर बांधलेल्यांनी अनुभव सांगा प्लीज.

खारवीण
कोकणात जिप्सम? नको. एवढंच.

टाचणी
पुट्टीने भिंत सपाट करायची, वर प्रायमर, मग इमल्शन रंगाचे दोन हात. सगळं जग हेच करतं. धागा संपला :)

ओळंबा
टाचणी, धागा आत्ता सुरू होतोय :)

मृगधारा, आधी एक सांगा. झड, म्हणजे वाऱ्याने तिरका येणारा पाऊस, कुठल्या भिंतीवर येते? नैर्ऋत्येच्या बाजूला वळचण किती बाहेर काढलीय? स्लॅबवर पत्र्याची शेड घालणार आहात की नुसता कोबा? ही उत्तरं मिळाल्याशिवाय आतला रंग ठरवू नका. चिरा सच्छिद्र दगड आहे, पाणी पितो. पावसाळाभर झड खाल्लेल्या भिंतीतून ते पाणी सावकाश आत उतरतं आणि आतल्या बाजूला जे काही लावलं असेल ते ढकलून बाहेर येतं. फुगे, पोपडे, पांढरा खार, काळी बुरशी या सगळ्याचं मूळ बहुतेक वेळा बाहेर असतं. पेंटर मात्र दरवर्षी आतूनच खरवडून पुन्हा पुट्टी भरून जातो.

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. सिमेंट पाण्याने घट्ट होतं, त्याला क्युरिंग, म्हणजे काही दिवस पाणी मारणं, लागतं. जिप्समला क्युरिंग लागत नाही, अर्ध्या तासात ते बसतं. बिल्डरला म्हणूनच आवडतं, पाणी आणि वेळ दोन्ही वाचतात. पण सतत ओल मिळाली की भिजलेल्या बिस्किटागत फुगतं आणि बोटाने निघून येतं. कोरड्या गावात, फ्लॅटच्या आतल्या भिंतींना उत्तम. चिऱ्याच्या, झड खाणाऱ्या बाहेरच्या भिंतीला आतून लावायचा पदार्थ तो नव्हे.

रानजाई
जिप्समला सरसकट झोडपू नका हो. पुण्यात आमच्या फ्लॅटला बिल्डरनेच जिप्सम दिलंय. भिंती आरशासारख्या, पुट्टी जवळजवळ लागली नाही. त्रास फक्त बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला. पलीकडून नळाचा सांधा गळत होता, अलीकडे वीतभर रुंदीचा फुगवटा आला. प्लंबरने सांधा बदलला, भिंत कोरडी होऊ दिली, तेवढाच भाग काढून सिमेंट प्लास्टर केलं. बाकी घर ठणठणीत आहे.

ओळंबा
रानजाई, अगदी मान्य. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट आणि देवरुखचं बैठं घर यांना एकच औषध चालत नाही, एवढंच म्हणायचंय.

वऱ्हाडी_ठसका
आमच्या नागपुरात तर उलटं. ओल नाही, पण उन्हाने भिंत तापून कॉलम आणि विटांच्या सांध्यावर उभ्या भेगा पडतात. प्लास्टरच्या आधी त्या सांध्यावर कोंबडी-जाळी ठोकायला लावा, असं प्रत्येकाला सांगतो. नंतर पुट्टीने भेग बुजवली तर पुढच्या उन्हाळ्यात ती परत येते. मृगधारा, तुमचं प्लास्टर झालंय, पण चिरा आणि काँक्रीटच्या सांध्यावर जाळी मारली होती का, तेवढं विचारून घ्या.

मृगधारा
जाळी मारली आहे, फोटो आहेत. ओळंबा, झड हॉलच्या आणि आई-बाबांच्या खोलीच्या भिंतीवर येते. वळचण दीड फूट. शेडचं पुढच्या वर्षी बघू म्हणत होतो. पेंटरने भिंती २४०० आणि छत ९०० असं ३३०० फूट माप काढलंय. पुट्टी-प्रायमर-दोन कोट साधं इमल्शन, मटेरियलसकट २४ रुपये फूट सांगतोय.

गुरमाळा
आमच्या घरी पेंटिंगचंच काम आहे, कोल्हापूर. दर ठीक वाटतो, पण २४ रुपयांत नक्की काय काय येतं ते लिहून घ्या. पुट्टीचे हात किती, कुठली पुट्टी, प्रायमर कुठला, घासकागद किती वेळा, आणि इमल्शन कुठल्या दर्जाचं.

पुट्टी दोन प्रकारची. पांढऱ्या सिमेंटची पावडर ४० किलोच्या गोणीत येते, ती पाण्यात कालवतात. ॲक्रिलिक पुट्टी तयार लगदा असतो, बादलीतून येतो. तुमच्या सिमेंट प्लास्टरला पांढऱ्या सिमेंटचीच घ्या. ती भिंत ओलसर करून थेट लावतात, खाली प्रायमर लागत नाही. प्रायमर तिच्यावर. ॲक्रिलिकला खाली प्रायमर आणि वरही प्रायमर, आणि ओल आली की ती मऊ पडते. कालवलेली पुट्टी दोन-तीन तासांत संपली पाहिजे. सकाळी कालवलेल्या बादलीत दुपारी पाणी टाकून पुन्हा ढवळणारा माणूस दिसला तर काम थांबवा. ती पुट्टी नंतर हाताला पांढरी लागते.

तपासायचं कसं ते सांगतो. पुट्टी घासून झाली की संध्याकाळी खोलीचे दिवे बंद करा, मोबाईलचा टॉर्च भिंतीला टेकवून प्रकाश भिंतीवरून सरपटत जाईल असा धरा. पुट्टी ओढायच्या पत्र्याच्या रेघा, खड्डे, कागदाचे गोल ओरखडे सगळे सावल्या टाकतात. पेन्सिलीने गोल करा, सकाळी पेंटरला दाखवा. प्रायमरच्या आधी हे झालं की दुरुस्ती फुकट असते. रंग लागल्यावर पैसे पडतात आणि वादही होतो.

टाचणी
गुरमाळा, टॉर्चची युक्ती भारी आहे. पण मी हे केलं तर माझा पेंटर काम सोडून जाईल :)

गुरमाळा
चांगला पेंटर स्वतःच टॉर्च लावतो.

आणखी एक. डब्यात टोकन किंवा कूपन असतं, हल्ली क्यूआर स्कॅन करून पॉइंट मिळतात. ते पेंटरचे. त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण पेंटर एकाच कंपनीचा हट्ट धरत असेल तर कारण ते असू शकतं. मटेरियल तुम्ही आणा, टोकन त्याला द्या. माणूस खूश, आणि डबे तुमच्या डोळ्यांदेखत फुटतात. इमल्शनमध्ये पाणी किती घालायचं ते डब्यावर छापलेलं असतं, तेवढंच घाला.

घाटमाथा
मापावरून आमच्याकडे भांडण झालं होतं. पेंटर म्हणे दारं-खिडक्या वजा होत नाहीत. खरं काय?

ओळंबा
भारतीय मानकाची मोजणीची पद्धत अशी: अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची भोकं वजा करत नाहीत. त्याच्यापुढे तीन चौरस मीटरपर्यंतच्या दारा-खिडक्यांची एकच बाजू वजा करतात, कारण चौकटीभोवतीच्या कडा रंगवायला मेहनत पडते. दोन्ही बाजू वजा करा म्हणणारा मालक आणि काहीच वजा होत नाही म्हणणारा पेंटर, दोघेही अर्धेच बरोबर. काम सुरू होण्याआधी कागदावर लिहून सह्या घ्या.

कुळागर
फोंड्याहून लिहिते. बाबांचा चुना कुणी मनावर घेतला नाही म्हणून मध्ये पडतेय.

आमच्याकडच्या जुन्या घरांना चुन्याचाच गिलावा. शिंपल्या भाजून चुना करायचे. त्या भिंती ओल घेतात आणि उन्हाळ्यात सोडतात, अडवून धरत नाहीत. इमल्शन भिंतीवर पापुद्रा बनवतं. मागून पाणी आलं की पापुद्रा फुगतो. चुना फुगत नाही, फार तर डाग पडतो आणि पुढच्या वर्षी त्यावर अजून एक हात बसतो. शिवाय चुना जात्याच क्षारयुक्त, ताजा असताना बुरशीला धरू देत नाही. कोठीत धान्य, नारळ, आमसुलं ठेवणार ना? तिथे चुनाच द्या.

आमची पद्धत: कळीचा चुना पिंपात भिजवायचा, आठवडाभर तरी मुरू द्यायचा, फडक्यातून गाळून घ्यायचा. त्यात डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ. भिंत आधी पाण्याने भिजवायची. पहिला हात आडवा, दुसरा उभा, पातळ. ओला असताना काहीच दिसत नाही, माणूस घाबरून जाड थापतो आणि मग तो पापडी होऊन गळतो. धीर धरा, वाळल्यावर पांढरा होतो. आणि चुन्यात पाणी घालताना तो उकळतो, त्या वेळी मुलं लांब ठेवा. डोळ्यांना चष्मा हवाच. डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने बराच वेळ धुवा आणि सरळ डॉक्टरकडे.

टाचणी
पण चुना कपड्यांना लागतो हो ताई. पाठ टेकली की पांढरी. आणि आईंना पुसायचंय, चुना कसा पुसणार?

कुळागर
डिंक नीट असेल तर कमी लागतो, पण लागतो हे खरं. म्हणूनच हॉलला आणि निजायच्या खोलीला चुना द्या असं मी म्हटलेलं नाही. कोठी, पडवी, छत इथे कोण पाठ टेकतंय?

ओळंबा
कुळागर ताईंच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन, एका अटीसह. चुना मारलेल्या भिंतीवर पुढे कधी पुट्टी-इमल्शन करायचं ठरलं तर चुना पूर्ण खरवडावा लागतो, नाहीतर वरचं सगळं चुन्यासकट सुटून येतं. आणि इमल्शन मारलेल्या भिंतीवर चुना धरत नाही. म्हणजे कुठली खोली चुन्याची आणि कुठली रंगाची, ते आजच पक्कं करा.

जर्सीकर
इथे अमेरिकेत आतल्या भिंती म्हणजे लाकडी सांगाड्यावर ठोकलेले जिप्सम बोर्डच. आख्खा देश त्यावर चाललाय. पण बाथरूमच्या शॉवरभोवती तो साधा बोर्ड वापरत नाहीत, टाइल्सच्या मागे सिमेंटचा बोर्ड घालतात. आणि पुरानंतर घरात पहिलं काम म्हणजे भिजलेला बोर्ड कापून फेकणं. जिप्समच्या देशातही पाण्याच्या ठिकाणी जिप्सम नको असतं, एवढं सांगावंसं वाटलं.

खारवीण
माझं एका ओळीचं मत विस्कटून सांगते. गुहागरला माहेरी हॉलच्या भिंतीला पीव्हीसी पॅनेल लावली होती. दिसायला छान. दोन पावसाळ्यांनंतर घरात कुबट वास येऊ लागला, उदबत्त्या लावून थकलो. पॅनेल काढलं तर मागे भिंत काळी आणि लाकडी पट्ट्यांना वाळवी. ओल थांबली नव्हती, फक्त दिसेनाशी झाली होती. मृगधारा, झड खाणाऱ्या भिंतीवर पॅनेल, वॉलपेपर, भिंतभर कपाट यांपैकी काहीही नको. कपाटसुद्धा भिंतीपासून तीन-चार इंच लांब ठेवा, मागून वारा खेळू दे.

अनुस्वार
गाईच्या शेणापासून केलेला खादीचा रंग कुणी वापरलाय का? बातमी वाचली होती.

घाटमाथा
खादी प्राकृतिक पेंट. खादी ग्रामोद्योग आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये आणला. डिस्टेंपर आणि इमल्शन दोन्ही आहेत, बाजारात आला तेव्हा डिस्टेंपर १२० आणि इमल्शन २२५ रुपये लिटर होतं. आम्ही गावच्या घरात माजघराला डिस्टेंपर मारलंय. वास अजिबात नाही, दिसायला मॅट. कोरडी भिंत आहे म्हणून छान टिकलंय. जवळपास मिळतो का ते आधी बघा, नाहीतर वाहतुकीतच बचत जाईल.

रानजाई
रंगाचा विषय निघालाच आहे तर, नातवंडं येणार असतील तर दारा-खिडक्यांचा ऑइलपेंट बघून घ्या. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाखांत ९० भाग) आहे, नोव्हेंबर २०१७ पासून लागू. डब्यावर शिशाबद्दल छापलेलं असतं. माळ्यावरचा कुणाचा तरी जुना उरलेला डबा "वाया का घालवा" म्हणून वापरू नका. आणि जुन्या दारांचा रंग कोरडा घासला तर ती धूळ मुलांच्या पोटात जाते. पाणी मारून घासा, मुलांना त्या दिवशी घरात ठेवू नका.

वऱ्हाडी_ठसका
ऑइलपेंटवरून आठवलं. आमच्या शाळेत भिंतीला खाली चार फुटांपर्यंत ऑइलपेंटचा पट्टा असायचा, वर चुना. एसटी स्टँडवर, सरकारी दवाखान्यातही तेच. हात, दप्तरं, पाय जिथे लागतात तिथेच महाग रंग. किती शहाणपणाची रीत होती! आजही स्वयंपाकघराच्या बाहेरच्या बोळात, जेवणाच्या टेबलामागे असं करता येईल.

ओळंबा
रीत उत्तम, फक्त ताज्या सिमेंट प्लास्टरवर ऑइलपेंट नको. प्लास्टरमधल्या क्षाराने त्यातल्या तेलाचा साबण होतो आणि रंग चिकट होऊन सुटतो. त्याऐवजी खालच्या साडेतीन-चार फुटांना धुता येणारं वरच्या दर्जाचं इमल्शन आणि वर साधं. मध्ये टेपने सरळ रेघ. सगळं घर महागड्या इमल्शनने रंगवण्यापेक्षा हे खूप स्वस्त पडतं.

आता मृगधाराचा हिशोब मांडतो.

टाइल्स: बाथरूम ५ बाय ८ धरलं तर घेर २६ फूट, सात फूट उंचीला १८२, दार वजा करून सुमारे १६५. दोन बाथरूमच्या ३३०. किचनचा ओटा १४ फूट धरला तर वर दोन फूट म्हणजे २८. फुटतूट दहा टक्के धरून जवळपास ३९५ फूट. टाइल ४५ आणि चिकटवण्याच्या मसाल्यासह मजुरी ४५ धरली तरी ३५ हजारांच्या आसपास. बाथरूममध्ये टाइल छतापर्यंत नेऊ नका, सात फूट पुरे, वर रंग.

रंग: ३३०० फूट गुणिले २४ म्हणजे ७९ हजार. त्यातून ९०० फूट छताची पुट्टी काढून टाका. छताला कुणी हात लावत नाही, प्रायमर आणि पांढरा रंग किंवा चुना पुरे. कोठी आणि पडवीही चुन्यात काढा. हा आकडा ५०-५५ हजारांवर येईल.

म्हणजे हातात ६० हजार उरतात. ते सगळे बाहेर घाला. नैर्ऋत्येच्या भिंतीवरच्या भेगा भरून चांगल्या वॉटरप्रूफ बाहेरच्या रंगाचे दोन हात, खिडक्यांच्या वरच्या छज्ज्यांना खालून पाणी तोडणारी खाच, आणि त्या बाजूला पत्र्याची वळचण अजून दोन-अडीच फूट बाहेर. आतली भिंत कोरडी राहिली तर साधं इमल्शनही वर्षानुवर्षं टिकतं. ओली राहिली तर सगळ्यात महागडंही पहिल्या श्रावणात सुटेल.

मृगधारा
ओळंबा दादा, हे सौ.ला वाचून दाखवलं. तिचा प्रश्न: अक्षय्य तृतीयेच्या आधी सगळं उरकायचं का?

गुरमाळा
वहिनींना सांगा, नको. नवीन प्लास्टरला रंगाआधी महिनाभर तरी वाळू द्या. आणि रंगाआधी एक चाचणी करा. हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेप लावून भिंतीला चिकटवा, रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं किंवा मागची भिंत काळपट दिसली तर अजून थांबा. झडीच्या भिंतीवर वर, मध्ये आणि जोत्यापासून फूटभर अशा तीन ठिकाणी लावा. फक्त खालच्या कागदाला दव आलं तर जोत्याची ओल, मग डीपीसीबद्दल (जोत्यावर ओल अडवणाऱ्या थराबद्दल) कंत्राटदाराला विचारा.

मी कोकणातल्या गिऱ्हाइकांना हेच सांगतो: आत्ता पुट्टी, प्रायमर आणि पांढऱ्याचा एक हात. त्यावर गृहप्रवेश करा, घर लख्ख दिसतं. पावसाळा जाऊ द्या. भिंत कुठे ओल दाखवते ते गणपतीपर्यंत कळतंच. तिथली दुरुस्ती करून दिवाळीनंतर शेवटचा रंगीत हात मारा. पेंटर दोनदा येणार म्हणून थोडे जास्त घेईल, पण रंगाचे पैसे ओल्या भिंतीवर जाणार नाहीत.

खारवीण
गुरमाळा भाऊंना १०० टक्के अनुमोदन. शिवाय पावसाळाभर पांढऱ्या घरात राहिलं की कुठल्या खोलीत उजेड किती येतो तेही कळतं. छोट्या कार्डावर पिस्ता दिसणारा रंग चार भिंतींवर शेवाळी दिसतो. दोन फूट बाय दोन फूट तुकडा रंगवून सकाळी आणि ट्यूबलाइटमध्ये बघा. घरात मतदान घ्या, नकाराधिकार मात्र आईंना :)

मृगधारा
सगळ्यांचे मनापासून आभार. घरी बसून ठरवलं ते असं. जिप्सम, पॅनेल, टेक्श्चर सगळं रद्द. हॉल, स्वयंपाकघर आणि दोन्ही खोल्यांना पांढऱ्या सिमेंटची पुट्टी, प्रायमर, एक पांढरा हात, बाकी दिवाळीनंतर. स्वयंपाकघरात आणि जेवायच्या जागी चार फुटांपर्यंत धुता येणारं इमल्शन. कोठी, पडवी आणि सगळी छतं चुन्यात. बाबा स्वतः पिंप शोधायला लागलेत. नैर्ऋत्येची वळचण वाढवायला फॅब्रिकेटर उद्या माप घ्यायला येतोय. कंत्राटदार नाराज झाला, पण लेखी दर द्यायला तयार आहे.

प्लास्टिकच्या कागदाची चाचणी लावली. झडीच्या भिंतीवर तिन्ही ठिकाणी दव. पंधरा दिवसांनी पुन्हा लावतो.

अनुस्वार
धागा वाचून विचारतो. वाईजवळ आजोबांचं मातीच्या भिंतींचं घर आहे, आतून गिलावा सुटलाय. गवंडी म्हणतो सिमेंट प्लास्टर मारून पुट्टी करू. चालेल का?

ओळंबा
नको. मातीच्या भिंतीवर सिमेंट धरत नाही. माती ओलीने फुगते आणि वाळून आकसते, सिमेंट ताठ राहतं, मग मोठे पापुद्रे सुटून पडतात. शिवाय आतली ओल कोंडली जाते आणि भिंतच कमकुवत होते. सुटलेलं काढून माती, भुसा आणि शेणाचा गिलावा करा, त्यावर चुना. गावात सारवणाचं काम जाणणारी वयस्कर माणसं असतील, त्यांना आधी गाठा. वेगळा धागा काढा, भिंतीची जाडी आणि छप्पर कशाचं आहे ते लिहा. फोटो टाकाल तर जोत्याचा नक्की टाका.